नांगर, चरखा आणि पाठीवरचा पंप



उंद्रीत इंडस्ट्रियल डिझाईनवर बोलायचं ठरलं तेव्हा आम्हालाच थोडा संकोच वाटला. चिखली तालुक्यातलं हे गाव. इथली चर्चा सोयाबीनच्या भावाची, कपाशीवरच्या बोंडअळीची, तुरीला आलेल्या फुलाची. त्यात जर्मनी-अमेरिकेतल्या वस्तुकारांची नावं घेऊन काय साधणार? पण काल संध्याकाळी आम्ही गावातून चक्कर मारली. एका गोठ्याच्या भिंतीला वखर टेकवलेला होता आणि शेजारीच खुंटीला फवारणीचा पंप टांगलेला होता. ते पाहिल्यावर वाटलं, हा विषय या गावाचा आहेच.

आधी हा शब्द सोपा करून घेऊ. सुतार तुमचा वखर करतो तेव्हा त्याला तुमची उंची माहीत असते, तुमचे बैल माहीत असतात, तुमचं वावर भारी आहे की बरड हेही माहीत असतं. काही बिनसलं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभे. कारखान्यात एकाच नमुन्याच्या हजारो वस्तू निघतात. त्या कशा असाव्यात, हाताला कशा बसाव्यात, किती टिकाव्यात, मोडल्या तर कशा उघडाव्यात हे आधीच कागदावर ठरवावं लागतं. ठरवणारा माणूस वापरणाऱ्याला कधीच भेटत नाही. न भेटलेल्या माणसासाठी वस्तू ठरवणं, हे इंडस्ट्रियल डिझाईन. आमच्या मते त्याची सगळी थोरवी आणि सगळी जोखीम या न भेटण्यातच आहे.

विसाव्या शतकातले या क्षेत्राचे पायोनियर कोण, असं विचारलं की एक ठरलेली यादी समोर येते. पीटर बेहरेन्स हा मूळचा चित्रकार. १९०७ मध्ये जर्मनीतल्या एईजी या वीजकंपनीने त्याला सल्लागार नेमलं, आणि किटलीपासून कंपनीच्या बोधचिन्हापर्यंत सगळ्याला त्याने एक वळण दिलं. १९१९ ते १९३३ बाउहाउस ही शाळा चालली. अमेरिकेत रेमंड लोवी झाला. १९४९ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र आलं होतं. पुढे जर्मनीत उल्मची शाळा आली, ब्राउन कंपनीत डीटर राम्स आला. ही माणसं मोठी होती, यात शंका नाही. पण या यादीवर आमचा एक आक्षेप आहे. ती बहुतेक करून वस्तूच्या फोटोवरून तयार झालेली आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवलेली किटली, रेडिओ, खुर्ची. फोटोत वस्तू नवी असते आणि तिला कुणी हात लावलेला नसतो.

म्हणून आज आम्ही फोटो बाजूला ठेवणार आहोत आणि प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारणार आहोत. गरज कोणी सांगितली? आणि वस्तू चुकली तर भोगलं कोणी?

सुरुवात घरच्या माणसापासून करू. लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९ चा, बेळगावकडचा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता, त्यामुळे रंगकाम सोडावं लागलं आणि ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांनी तेच शिकवलं. नोकरी सोडून बेळगावला आले. सायकली विकल्या, कडबा कापायचं यंत्र केलं, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. बेहरेन्स एईजीत जायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. तोही चित्रकलेतून आला, हेही चित्रकलेतून आले. जगाच्या यादीत मात्र एकच नाव आहे.

पण इथे नुसत्या अभिमानावर थांबलो तर ती समीक्षा नव्हे, सत्कार होईल. सत्काराला आमची ना नाही, पण त्यासाठी दुसरा दिवस ठेवू.

या नांगराची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. लोखंडाने जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे, म्हणून पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. गोष्ट सांगताना ऐकणारे हसतात. शेतकरी अडाणी, कारखानदार द्रष्टा, असा तिचा रोख असतो. आम्हाला हा रोख पटत नाही. ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर आहे, त्याने अनोळखी वस्तूवर दोन वर्षं विश्वास ठेवला नाही, यात अडाणीपणा कुठला? नांगर चुकला असता तर कारखान्याचा एक नमुना वाया गेला असता. शेतकऱ्याचं वर्ष गेलं असतं. त्याने 'विष' हा शब्द वापरला. आपण त्याला 'जोखीम' म्हणू. लक्ष्मणरावांचं मोठेपण आम्हाला पहिल्या नांगरापेक्षा त्या दोन वर्षांत जास्त दिसतं. विकलं जात नाही म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाला नावं ठेवत धंदा बदलला नाही. ते थांबले, आणि नांगर शेतात चालवून दाखवायची तयारी ठेवली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. आज मराठी साहित्यात त्याचं नाव मासिक म्हणून घेतात, पण त्याचं मूळ कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या बोलण्यात आहे. वापरणाऱ्याशी बोलत राहणं हाही त्या नांगराचाच भाग होता, असं आम्ही मानतो.

आता दुसरी बाजू. काल आम्ही नांगराचं एवढं कौतुक करत होतो, तर एक आजोबा शांतपणे म्हणाले, "नांगर तं ठीक हाय, पण आमचं वावर वखरावर चालते." आमच्या सगळ्या तयारीला त्यांनी एका वाक्यात खाली बसवलं. (हशा)

त्यांचं म्हणणं खरं आहे. वऱ्हाडच्या काळ्या, भेगा पडणाऱ्या जमिनीत नांगरट दरवर्षी होत नसे. कुंदा-हराळी माजली की खोल नांगरायचं, नाही तर वखराच्या पाळ्या द्यायच्या. ही जमीन उन्हाळ्यात स्वतःच फाटते, स्वतःच हवा घेते. तिला वरचा थर मोकळा करून तण कापणारी रुंद पास लागते. लाकडी खोड, खाली लोखंडी पास, वर रुमणं, पुढे जू. पेरणीला तिफण, मधल्या मशागतीला डवरा. ही सगळी अवजारं इथल्याच मातीने ठरवली. किर्लोस्करांचा नांगर देशावरच्या शेतीतून आला आणि तिथे त्याने फार मोठं काम केलं. पण 'लोखंडी नांगर म्हणजे प्रगती' हे वाक्य कृष्णाकाठी जेवढं खरं, तेवढं इथे खरं नव्हतं. वखर कुणी केला, त्याचं नाव नाही, पेटंट नाही. म्हणून तो कुठल्या यादीत नाही.

आणखी एक. तिफणीमागे चाड्यावर मूठ कोण धरायचं? बहुतेक घरी बाई. मुठीतून दाणे किती सुटतात यावर अख्ख्या पिकाची दाटी ठरायची. हे अत्यंत कसबाचं काम. निंदणही तिचं, वेचणीही तिची. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत शेतीच्या अवजारांवर जी बुद्धी खर्च झाली, ती बैलामागे चालणाऱ्या पुरुषाच्या अवजारांवर. खुरपं होतं तसंच राहिलं. आमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. गरज ज्याने सांगितली, त्याची वस्तू सुधारली. जिला कुणी विचारलं नाही, तिची कंबर वाकलेलीच राहिली.

आता १९२९ कडे या. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या, आणि आमच्या मते या क्षेत्रातला सगळा वाद त्या दोन गोष्टींत मावतो.

पहिली गोष्ट रेमंड लोवीची. इथल्या जुन्या शिक्षकांना सायक्लोस्टाइल आठवत असेल. शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यावर निघायच्या. ती यंत्रं करणाऱ्या गेस्टेटनर कंपनीने लोवीला सांगितलं, आमचं यंत्र जरा नीटनेटकं करून द्या. त्याने यंत्राच्या उघड्या चाकादांड्यांवर मातीचा थर देऊन गुळगुळीत आकार घडवला आणि सगळं आतलं एका कवचाखाली झाकलं. शाई उडणं कमी झालं, कपडे अडकणं कमी झालं, यंत्र देखणं झालं. लोवीचं नाव इथून मोठं झालं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. त्याच वर्षी अखिल भारतीय चरखा संघाने एक जाहीर सूचना काढली. नवा चरखा करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपये बक्षीस. १९२९ चे एक लाख! तिच्या अटी आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. चरखा हलका हवा, खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता आला पाहिजे. बाईला बेताच्या श्रमात आठ तास चालवता आला पाहिजे. आठ तासांत १६,००० वार सूत निघालं पाहिजे, तेही १२ ते २० नंबरचं, एकसारखं आणि चांगल्या पिळाचं. हिंदुस्थानात बनवायला दीडशे रुपयांपेक्षा जास्त खर्च येता कामा नये. वीस वर्षं टिकला पाहिजे. आणि दरसालचा सुट्या भागांचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये.

ही सूचना आम्ही पुन्हा पुन्हा वाचली आहे. डिझाईनच्या शाळांत 'ब्रीफ' म्हणतात ते कसं लिहावं, याचा इतका चांगला नमुना आमच्या पाहण्यात दुसरा नाही. ती कुठे चालवायची ते घर, चालवणारी बाई, तिचे श्रम, दुरुस्तीचा खर्च, वस्तूचं आयुष्य, सगळं आकड्यांत आहे. दिसायला कसा असावा यावर एक अक्षर नाही. लोवीचा प्रश्न होता, यंत्र झाकायचं कसं. चरखा संघाचा प्रश्न होता, ते झोपडीत वीस वर्षं चालायचं कसं. लोवीने आतल्या गुंतागुंतीपासून वापरणाऱ्याला वाचवलं, हे मान्य. पण कवच आलं की आत हात घालायचा हक्कही हळूहळू जातो. आज तुमच्या हातातल्या मोबाइलची बॅटरी तुम्ही स्वतः काढू शकत नाही, ते याच कवचाचं नातवंड आहे.

बक्षिसाचं पुढे काय झालं? किर्लोस्करवाडीतूनही या स्पर्धेसाठी एक चरखा तयार झाला. म्हणजे नांगरवाल्यांनी गांधींचं आव्हान घेतलं. पण बक्षीस कुणालाच मिळालं नाही. सगळ्या अटी एकत्र कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत. इथे आम्हाला त्या सूचनेवरही टीका करायची आहे. सगळं किंवा काहीच नाही, अशी अट घातली की अर्ध्या वाटेवर पोचलेली चांगली कल्पना मागे पडते. शिवाय बाईने आठ तास बसून सूत काढावं, हे त्या बाईने मागितलं होतं का? तिचे श्रम मोजले, ही मोठीच गोष्ट. पण तिचं मत कुठे नोंदलं गेलं? तरीही एका गोष्टीचा मान राखला पाहिजे. अटी पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून बक्षीस दिलं गेलं नाही. अटी सैल करून कुणाला हार घातला नाही. चुकलेली वस्तू लाखो झोपड्यांत पोचण्यापेक्षा स्पर्धा रिकामी राहिलेली बरी, हा तो हिशोब होता. दुसऱ्या प्रश्नाचं इतकं प्रामाणिक उत्तर आम्हाला क्वचितच दिसलं.

स्वातंत्र्यानंतर हे काम शाळा-संस्थांकडे गेलं. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं मन लावून वर्णन केलं. लोटा कुणा एकाने घडवला नाही, पिढ्यान् पिढ्यांनी घडवला, असं त्यांचं म्हणणं. आम्ही म्हणू, वखरही तसाच. त्या अहवालामागोमाग १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था सुरू झाली. १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत, पवईला, इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर सुरू झालं. सुधाकर नाडकर्णी त्याचे उभे करणारे. तेही जे. जे. चे विद्यार्थी, पुढे उल्मला शिकलेले. म्हणजे जे. जे. मधून निघून यंत्रापर्यंत पोचणारी वाट लक्ष्मणरावांनंतर पुन्हा एकदा चालली गेली. पवईत बांबूवर, कारागिरांच्या कामावर चांगली कामं झाली. ते आम्ही नाकारत नाही. पण पन्नासहून अधिक वर्षं देशात डिझाईन शिकवलं जातंय, आणि त्याचा किती अंश या गोठ्याच्या भिंतीपर्यंत आला, हे तुम्हीच आम्हाला सांगा.

भिंतीवरच्या खुंटीला पंप आहे म्हणालो, त्याकडे आता येऊ.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात होते. चौकशा झाल्या, कारणं बरीच पुढे आली. औषधांची मिश्रणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, बारीक धुकं उडवणारे नवे पंप, हातमोजे-मुखवटे नसणं. सगळ्यात जास्त बोललं गेलं ते 'निष्काळजीपणा'वर. शेतकऱ्याने काळजी घ्यायला हवी होती. आम्हाला यात तोच जुना रोख ऐकू येतो, नांगराच्या गोष्टीतला. वस्तू शहाणी, माणूस अडाणी.

तो पंप नीट पाहा. टाकी पाठीवर, म्हणजे झाकण किंवा वायसर जरा सैल पडलं की पाझर थेट पाठीच्या कण्यावर. नळी पुढे, म्हणजे आपण जे उडवतो त्यातूनच पुढे चालतो. सोळा लिटरचा पंप भरला की पंपासकट वीस किलोच्या आसपास ओझं, आणि पाय चिखलात. औषधाचं प्रमाण तोंडी सांगतात 'पंपामागे इतकं', पण एकाचा पंप दहा लिटरचा, दुसऱ्याचा वीसचा. डबीवरची अक्षरं मुंगीएवढी. विषाची तीव्रता सांगायला लाल, पिवळा, निळा, हिरवा असे रंग. लक्ष्मणरावांना रंग नीट ओळखू येत नव्हते म्हणून चित्रकला सोडावी लागली. ज्या शेतकऱ्याला रंग ओळखू येत नाहीत, त्याने काय सोडायचं? आणि सुरक्षेचा तो संपूर्ण पोशाख भाद्रपदाच्या उन्हात, कपाशीच्या ओळीत एक तास घालून पाहावा, मग निष्काळजीपणाचा निवाडा द्यावा.

यातली एकेक गोष्ट कुणीतरी कागदावर ठरवलेली आहे. आभाळातून पडलेली नाही. गरज कोणी सांगितली? बहुधा औषध झाडावर पोचलं पाहिजे, एवढीच गरज सांगितली गेली. माणूस त्या गरजेत नव्हता. आणि भोगलं कोणी, ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून आम्ही आज एक विनंती घेऊन आलो आहोत. चरखा संघाने १९२९ मध्ये सूचना काढली, तशी एक सूचना उंद्रीत बसून लिहू या. पंपाबद्दल. काल पाराजवळ बसलेल्या मंडळींशी बोलून आम्ही सुरुवात केली आहे, ती वाचून दाखवतो.

एक, भरलेला पंप बाईला आणि पुरुषाला, दोघांनाही दुसऱ्याच्या मदतीशिवाय उचलता आला पाहिजे. दोन, फवारा चालणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला पडला पाहिजे. तीन, औषधाची डबी न उघडता, हाताला न लागता ते पंपात गेलं पाहिजे. चार, वायसर आणि नोझल चिखलीच्या बाजारात त्याच दिवशी मिळालं पाहिजे, आणि ते पान्याशिवाय बदलता आलं पाहिजे. पाच, प्रमाण पंपात न सांगता पाण्याच्या लिटरात सांगायचं, आणि ते टाकीच्या अंगावरच मराठीत, ठळक, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. सहावी अट एका ताईंनी सांगितली. फवारणीचे कपडे घरी धुतं कोण? तेही मोजा. ही अट आमच्या डोक्यात आली नव्हती. कुठल्या तज्ज्ञाच्याही आली असती असं वाटत नाही.

किंमत किती असावी, हे आम्ही मुद्दाम कोरं ठेवलं आहे. ते तुम्ही भरा.

इथे बारावीची काही मुलं-मुली बसली आहेत. त्यातल्या कुणाला डिझाईनच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं असेल, तर जरूर बसा. बेहरेन्स वाचा, लोवी वाचा, राम्स वाचा, आणि लक्ष्मणरावांनाही वाचा. पण पहिल्या दिवशी 'आवडती वस्तू कोणती' असं विचारलं, तर परदेशी खुर्चीचं नाव सांगायची घाई करू नका. आजोबांचा वखर सांगा, त्याची पास तशी का आहे ते सांगा. आणि नावडती वस्तू विचारली, तर खुंटीवरचा हा पंप सांगा, खाली या सहा अटी लिहा.

आमचं बोलणं इथे थांबवतो. कागद आणि पेन फिरवत आहोत. सातवी अट ज्याला सुचेल त्याने लिहावी. लिहिता येत नसेल त्याने सांगावी, आम्ही लिहून घेऊ.